बाबांच्या पायाच्या जखमेतून हिरवट पू येतोय

प्रश्न: बाबांना शुगर आहे, चप्पल लागून टाचेला जखम झाली ती भरतच नाहीये आणि आता हिरवट पू येतोय, मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणून देऊ का?

उत्तर: अजिबात नको! हिरवट पू म्हणजे बहुतेक स्यूडोमोनास नावाचा जंतू, त्याच्यावर अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक चालतच नाही. आधी पुवाचं सँपल देऊन कल्चर-सेन्सिटिव्हिटी (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल याची तपासणी) करा, रिपोर्ट 2-3 दिवसांत येतो, मग औषध नक्की ठरवता येतं.

उत्तर: एरवी जखमेत स्टॅफ ऑरियस हा जंतू जास्त सापडतो, पण तो एमआरएसए (म्हणजे त्याचाच नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा प्रकार) निघाला तर क्लॉक्सासिलिनसुद्धा लागू पडत नाही, व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड लागतं. आणि सडलेला भाग सर्जनने काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी काही होत नाही हो.

उत्तर: ताप आला, लाली वर चढायला लागली किंवा बोट काळं पडलं तर रिपोर्टची वाट बघू नका, लगेच अ‍ॅडमिट करा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारा.