जवळपासची एए मीटिंग कशी शोधायची? पहिल्यांदाच जायचंय

थांबायचंय_आता
नमस्कार. वय ४१. गेली ११-१२ वर्षं रोज पितोय, आधी फक्त रात्री होती, आता सकाळीपण घ्यावी लागते नाहीतर हात थरथरतात. मागच्या महिन्यात मनाशी ठरवून एकदम बंद केली तर तिसऱ्या दिवशी कुलपात चावी जाईना इतके हात कापत होते, परत प्यायलो. घरात माझ्या शब्दावर आता कुणाचा विश्वास नाही आणि खरं सांगायचं तर माझापण नाही.
एएबद्दल म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपबद्दल वाचलं, नेटवर एक पत्ता मिळाला, गेल्या गुरुवारी हिंमत करून गेलो तर खोलीला कुलूप. अर्धा तास बाहेर गाडीवर बसून राहिलो आणि मग तिथूनच दारूच्या दुकानात गेलो.
खरंच चालू असलेली मीटिंग शोधायची कशी? ओळखीचं कुणी भेटलं तर काय? आणि मी देव मानत नाही, तिथे प्रार्थना असते म्हणतात.

फक्त_आजचा_दिवस
दादा, त्या कुलपाचं मनाला लावून घेऊ नका. ग्रुपची जागा बदलते, वार बदलतो, आणि नेटवरच्या याद्या जुन्याच राहतात कारण हे सगळं सांभाळणारे आपल्यासारखेच लोक असतात. त्यामुळे थेट पत्त्यावर जाऊ नका, आधी फोन करा. एएच्या अधिकृत साइटवर आपल्या भागाचा हेल्पलाइन नंबर असतो, उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच असतो. त्याला विचारा की हा ग्रुप या आठवड्यात नक्की भरतोय का, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, आणि मला दारात कुणी भेटेल का. हे शेवटचं विचारायला अजिबात लाजू नका, मी विचारलं नव्हतं म्हणून दोनदा जिन्यावरून परत आलो होतो.
ओपनला घरचे, मित्र कुणीही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त ज्याला दारू सोडायची इच्छा आहे त्याच्यासाठी. तुम्हाला दोन्ही चालतील. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, बोललंच पाहिजे असंही नाही. पहिल्या दिवशी मी तासभर नुसता समोरच्या माणसाच्या चपलांकडे बघत बसलो होतो.
ओळखीचं म्हणाल तर मला ऑफिसमधलाच एकजण दिसला, पायाखालची जमीन सरकली. त्याने फक्त शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. आज ६ वर्षं झाली, ऑफिसात त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर गेलेला नाही.
आणि हो, एएची सुरुवातसुद्धा एका फोनमधूनच झालीय. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन हॉटेलच्या लॉबीत उभा होता, दारू सोडून काही महिने झालेले, बाजूच्या बारचा मोह होत होता, तर तो चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला की मला दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्या माणसाशी बोलायचंय. त्यातून डॉक्टर बॉब भेटले, तेही पिणारेच, आणि या दोघांनी मिळून एए सुरू केली. तेव्हा फोन कराच.

रात्रपाळी_नर्स
मीटिंगला नक्की जा, पण त्याआधी डॉक्टर. सकाळी न घेता हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय लागलीय, अशात एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होणं, ताप, कुठे आहोत ते न कळणं असंही होतं आणि त्यात जिवाला धोका असतो. मागच्या वेळी तुम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत एकटे होता हे वाचून मला भीतीच वाटली. यावर औषधं आहेत, काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, बरोबर बी१ व्हिटॅमिनही देतात. किती पिता ते डॉक्टरला खरं सांगा, कमी करून सांगू नका. आणि फिट किंवा भास झाले तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

काठावरची
मी पिणाऱ्याची बायको. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, वेगळ्या मीटिंग असतात, तुमच्या घरी सांगून बघा. मी बाटल्या शोधणं, ओतून टाकणं यातच वर्षं घालवली, तिथे गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तू कशी आहेस.

शून्य_ते_पुढे
देवाचं म्हणाल तर दारू सोडण्यासाठी एएच्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांत 'आम्हाला समजला तसा देव' असं म्हटलंय, माझ्या ओळखीतले कितीतरी नास्तिक देवाच्या जागी ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. मला स्वतःला ते जमलं नाही, मी स्मार्ट रिकव्हरी म्हणून व्यसन सोडणाऱ्यांची दुसरी संस्था आहे तिच्या ऑनलाइन मीटिंग केल्या, तिथे देवाचा विषयच नाही, ओढ आली की काय करायचं यावर काम असतं. पण एक मीटिंग आवडली नाही म्हणून सोडू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो, चार-पाच ठिकाणी बसून बघा.

थांबायचंय_आता
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. आत्ता फोन केला. तो जुना ग्रुप दुसरीकडे हलवलाय म्हणे. उद्या सकाळी डॉक्टरकडे जातोय, बायको बरोबर येतेय. मीटिंग गुरुवारी, फोनवरचे काका म्हणाले पंधरा मिनिटं आधी जिन्यापाशी उभा राहतो, हातात निळी छत्री असेल.

फक्त_आजचा_दिवस
जाऊन आलात की लिहा. नाही जमलं तरी लिहा.