डोरेने दान्ते झाकला की दाखवला?

बोरूबहाद्दर: इटालियन कवी दान्तेच्या नरक, शुद्धिलोक, स्वर्ग अशा तीन भागांच्या महाकाव्यातल्या 'इन्फर्नो'ची, म्हणजे नरकाची, फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरेने काढलेली चित्रं (1861) आधी बघितली आणि मग दान्ते वाचायला घेतला, तिथेच फसलो. डोळ्यांपुढून काळे कडे हलत नाहीत. दान्तेच्या उपमा किती घरगुती! पंधराव्या सर्गात पापी माणसं अंधारात डोळे बारीक करून बघतात, म्हातारा शिंपी सुईत दोरा ओवताना बघतो तशी. एकविसाव्यात उकळत्या डांबरातल्यांना सैतान आकड्यांनी खाली दाबतात, आचाऱ्याची पोरं हंड्यातलं मांस दाबतात तसं. डोरेकडे ना शिंपी, ना आचारी. नुसती भव्यता!

तिरपा कोन: मग काय, सैतानाशेजारी आचारी काढायचा? उपमा वाचायच्या असतात हो. आणि अठ्ठाविसावा सर्ग विसरलात. तिथला पापी, कवी बेर्त्राँ द बॉर्न, स्वतःचं तुटलेलं मुंडकं केसांना धरून कंदिलासारखं पुढे करतो. 'कंदिलासारखं' हे दान्तेचंच, आणि डोरेने ते तसंच्या तसं काढलंय.

खोडरबर: दोघंही डोरे डोरे करताय. चित्राचा दुसरा कोपरा बघा, तिथे छपाईचा लाकडी ठसा कोरणाऱ्याची सही असते, बऱ्याचदा पिझाँची. डोरे लाकडी ठोकळ्यावर ब्रशने शाईच्या छटा द्यायचा. त्या करड्या छटांच्या बारीक रेघा करणं पिझाँसारख्यांचं काम, आणि ते करताना मूळ चित्र खलास. तुम्हाला खुपणारे काळे कडे निम्मे त्यांचे आहेत.

बोरूबहाद्दर: कंदील मान्य, पिझाँही मान्य. तरी डोरेच्या कितीतरी आधीच्या इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीची दान्तेवरची चित्रं बघा. एकाच पानावर दान्ते आणि त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, पुन्हापुन्हा येतात, वाट चालू राहते. डोरेकडे दोघं कड्यावर उभे, जसे फोटो काढायला थांबलेत.

तिरपा कोन: बोत्तिचेल्लीने ती चर्मपत्रावर फ्लॉरेन्सच्या श्रीमंत मेदिची घराण्यातल्या एकासाठी काढली, हो. डोरेची छापील, कुणीही उघडून बघावीत अशी. महाग पुस्तक खपायचं नाही म्हणून प्रकाशक बिचकला, तर पठ्ठ्याने पदरचे पैसे घातले. खपल्यावर प्रकाशकाची तार आली म्हणे, "लवकर या, मी गाढव!"

खोडरबर: स्वर्गाच्या भागाचा (1868) विषय कुणी काढतच नाही! त्यातलं शुभ्र गुलाबाचं, म्हणजे गुलाबाच्या आकारात बसलेल्या पुण्यात्म्यांचं, चित्र बघा. या ठशात पांढरं म्हणजे खोदून काढलेलं लाकूड. तो सगळा उजेड टोकरून टोकरून आलाय.

बोरूबहाद्दर: म्हणजे नरकापेक्षा स्वर्गाला मेहनत जास्त. वाचतानाही तेच. तिसरा भाग माझा अजून अर्धाच झालाय.