अहिराणी गाण्याच्या व्हिडिओचं विश्लेषण करायचंय, नेमकं बघायचं काय?

केळीपट्टा_०७:

नमस्कार मंडळी. मी जळगावला मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, या सेमिस्टरला म्युझिक व्हिडिओवर प्रोजेक्ट आहे. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी मायकल जॅक्सन नाहीतर कोरियन बँड घेतलेत, मी म्हटलं आपण आपलं अहिराणी घेऊ. सर नाही म्हणाले नाहीत पण चेहरा असा केला की नाही म्हटलेलं परवडलं असतं. मग म्हणाले, ठीक आहे, कथा काय आणि संदेश काय ते लिहून आण. आता तुम्हीच सांगा, हळदीच्या गाण्यात कथा काय असणार, पोरगा बुलेटवर येतो, पोरगी केळीच्या बागेतून बघते, मग सगळे नाचतात, झालं. संदेश शोधायला बसलो तर दोन ओळीत खेळ खल्लास आणि पानं भरायचीयेत पंधरा. तर प्रश्न असा की ज्यात कथाच नाही त्या व्हिडिओत बघायचं काय? आणि दुसरं, आपले व्हिडिओ म्हणजे नुसती हिंदीची कॉपी आहे का, की त्याचा स्वतःचा काही प्रवास आहे?

भरीतपार्टी:

भो मायकल जॅक्सनचं थ्रिलर घे आणि मोकळा हो, नेटवर सगळं तयार सापडतं. आपलं घेतलं तर व्हायवाला सर म्हणतील नाचून दाखव.

जुना_केबलवाला:

भरीतपार्टीचं ऐकू नको. थ्रिलरवर जगभर इतकं लिहून झालंय की तू त्यात काय घालणार.

मी भुसावळला नव्वदच्या दशकात केबल चालवायचो त्यामुळे माझं बघणं जरा वेगळंय. कथा शोधायच्या आधी एक विचार, हा व्हिडिओ कुठं बसून बघायला केला होता? बघायची जागा बदलली की गाण्याचा व्हिडिओ बदलतो, सुरुवातीपासून हेच चालू आहे. लोक एमटीव्ही या अमेरिकेतल्या गाण्यांच्या चॅनलपासून सुरू करतात, १ ऑगस्ट १९८१, पण त्याच्या चाळीस वर्षं आधी अमेरिकेतल्या हॉटेल-बारमध्ये पॅनोरम नावाचं एक कपाट असायचं, दहा सेंटचं नाणं टाकायचं की काचेवर तीनेक मिनिटांचं गाणं दिसायचं. त्यातली गंमत म्हणजे एका रिळावर आठ गाणी ओळीनं चिकटवलेली, हवं ते निवडायची सोय नाही, जे पुढं आलं ते बघा. म्हणजे गिऱ्हाईक अनोळखी, हातात ग्लास, आजूबाजूला गोंगाट, आणि तरी त्यानं मान वळवली पाहिजे. आता हातात मोबाइल घेऊन रील्स सरकवणारा माणूस डोळ्यासमोर आण, काय फरक आहे सांग. त्यालाही पुढचं काय येणार माहीत नसतं आणि त्याचीही मान पहिल्या दोन सेकंदात वळवावी लागते.

टीव्ही आला तेव्हा जागा घराच्या बैठकीत आली. १९७५ ला क्वीन या ब्रिटिश बँडनं बोहेमियन ऱ्हॅप्सडी या गाण्याची फिल्म केली ती का, तर टीव्हीच्या कार्यक्रमात बँडनं स्वतः जाऊन उभं राहायचं आणि तोंड हलवायचं त्यापेक्षा फिल्म पाठवलेली बरी. एमटीव्हीला चोवीस तास भरायचे होते आणि कंपन्या व्हिडिओ फुकट द्यायच्या, कारण त्यांच्यासाठी ती रेकॉर्डची जाहिरातच होती. थ्रिलर (१९८३, दिग्दर्शक जॉन लँडिस) जवळजवळ चौदा मिनिटांचा आहे आणि त्यातला मोठा भाग गाणंच नाही, तो असा होऊ शकला कारण लोक घरी निवांत बसून बघणार होते.

आपल्याकडं गाण्याला चित्र लागतं हे कोणी येऊन शिकवावं लागलं नाही, चित्रहारला अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर बसायची. पण ते सिनेमाचं गाणं, आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे. १९९५ ला अलिशा चिनॉयचं मेड इन इंडिया आलं (केन घोषनं केलेलं, लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण निघतो ते) तेव्हा भुसावळात लोकांना नवल कशाचं, तर गाणारी बाई स्वतःच पडद्यावर आहे याचं! अहिराणी व्हिडिओ बघ, तिथं बहुतेक वेळा गाणारा वेगळा आणि पडद्यावरचा कलाकार वेगळा, म्हणजे इंडीपॉपच्या (सिनेमाबाहेरच्या अल्बमच्या) वाटेनं न जाता आपण सिनेमाच्या जुन्या पद्धतीवरच राहिलो. गाणं गाजलं की जत्रेत ओळखतात कोणाला? ओठ हलवणाऱ्याला. यावरच दोन पानं होतील तुझी.

आणि मधला एक टप्पा कोणी लिहीत नाही तो तू लिही. व्हीसीडीचा (व्हिडिओच्या सीडीचा) काळ होता तेव्हा एका सीडीवर आठ-दहा गाणी, लग्नघरात लावून दिली की रात्रभर फिरत राहायची, त्यामुळे कोणी सुरुवातीपासून बघेल याची खात्री नाही, गाणं कुठूनही बघितलं तरी समजलं पाहिजे. मग मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घ्यायचे दिवस आले. बोटभर पडदा, फाइल दाबून दाबून बारीक केलेली, लांबचा शॉट म्हणजे नुसता हिरवा-पिवळा चिखल दिसायचा. चेहरे जवळ आले ते तेव्हा.

कट_टू_कट_धुळे:

केबलवाले काका एक नंबर. मी धुळ्यात एडिटिंग करतो, लग्नाची कामं आणि मधून मधून गाणी, मी आमच्या बाजूनं सांगतो.

केळीपट्टा भो, सगळ्यात पहिलं काम कर, आवाज बंद करीसन दख एकदा. मंग समजी तुले. म्यूटवर बघितल्यावर कळतं चित्र स्वतःच्या पायावर किती उभं आहे आणि किती ठिकाणी बेंजोनं त्याला धरून ठेवलंय. मग उलटं कर, स्क्रीन उलटी ठेव आणि नुसतं ऐक, कुठं वाद्य बदलतं, कुठं नुसता संबळ राहतो, कुठं कोरस येतो ते कागदावर वेळेसकट लिही. आता दोन्ही एकत्र बघ आणि कट त्या खुणांवर पडतात की नाही ते तपास. आम्ही टाइमलाइनवर गाणं टाकलं की आधी ठोक्यांवर मार्करच मारतो. नवीन पोरं बरोबर ठोक्यावर कापतात, मी एखाद-दोन फ्रेम आधी कापतो, डोळ्याला तेवढा वेळ लागतो, मग ठोका पडतो तेव्हा चित्र आधीच जागेवर असतं. आणि प्रत्येक ठोक्यावर कापलं की तिसऱ्या कडव्यापर्यंत बघणारा थकतो हेही लिही, कारण बऱ्याच गाण्यांचा हाच प्रॉब्लेम आहे.

स्लो मोशनची भानगड सांगतो, ती बाहेरून दिसत नाही. पोरगी केस उडवत स्लोमध्ये चालते आणि ओठ मात्र गाण्याला बरोबर जुळतात, कसं? तर सेटवर स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लावतात, कलाकार त्या वेगानं तोंड हलवतो, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर, आणि एडिटला ते २५ वर सोडलं की ओठ नॉर्मल गाण्याला येऊन बसतात आणि बाकी अंग, केस, ओढणी सगळं तरंगतं. कोल्डप्ले बँडचं २००० सालचं यलो असंच केलेलं आहे. सेटवर मात्र बघायला फार विनोदी दिसतं, तोरणमाळच्या तलावाकाठी हिरो टेपरेकॉर्डर बिघडल्यासारखा भराभर गातोय आणि बाजूला गुराखी पोट धरून हसतोय.

आता जागेचं म्हणशील तर ९:१६, म्हणजे मोबाइलची उभी फ्रेम. टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं, जुलैत रील्स आलं, सप्टेंबरात शॉर्ट्स, आणि तेव्हापासून निर्माता शूटच्या आधीच विचारतो की उभं पण निघेल ना? आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की रुंदीतला फक्त एक तृतीयांशच्या आसपास भाग उरतो. म्हणून हिरो-हिरोईन आता मधोमध खेटून उभे असतात, आधी एक बांधाच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला असे शॉट घ्यायचो, ते बंदच पडले. मॉनिटरवर दोन उभ्या पट्ट्या चिकटवून शूट करतो आम्ही. झुमकावाली पोर हे अहिराणी गाणं गाजल्यापासून तर प्रत्येकाला हुक स्टेप (लोकांनी उचलावी अशी नाचाची एक खास स्टेप) पाहिजे, आधी पंधरा सेकंद ठरतात आणि मग उरलेलं गाणं.

कानबाईनी_लेक:

दोघांचं पटतंय पण अर्धंच. जागा बदलली म्हणून व्हिडिओ बदलला असं म्हटलं की माणसं सुटतात. कॅमेरा कोणाच्या डोळ्यानं बघतोय हे कोणी विचारलंच नाही! व्हीसीडी असो की रील्स, पोरगी पाणी भरतेय, पोरगी वाकलीय, पोरगी मागे वळून बघतेय आणि कॅमेरा कंबरेपासून सुरू होऊन वर जातो, त्यात काय फरक पडला? २००२ ला कांटा लगाचं रीमिक्स आलं तेव्हा टीव्हीवर केवढा आरडाओरडा झाला होता, आणि आता त्याच पद्धतीचे शॉट लग्नाच्या गाण्यात असतात आणि ते आपण आत्या-मावशांसोबत बसून बघतो, कोणाला काही वाटत नाही. अँड्र्यू गुडविन म्हणून एक अभ्यासक होऊन गेले, त्यांनी १९९२ मध्येच मांडून ठेवलंय की व्हिडिओ बघताना चित्र गाण्याच्या बोलांना नुसतं दाखवतं, की वाढवतं, की भलतंच काही दाखवतं ते बघा, आणि कोण कोणाकडं बघतंय तेही बघा. तुझ्या सरांना हे नाव सांग, चेहरा बदलेल.

आता आमच्या अमळनेरकडची गोष्ट. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशची देवी, येते, त्याच्या आधी कानबाईच्या गाण्यांचे व्हिडिओ धडाधड पडतात यूट्यूबवर. ते नीट बघ. त्यात बायका डोक्यावर कानबाई घेऊन निघतात, फुगड्या घालतात, नऊवारीतल्या म्हाताऱ्या पण नाचतात, आणि कॅमेरा बहुतेक वेळ पायापासून डोक्यापर्यंत सगळी बाई दाखवतो, तुकडे करत नाही. का? कारण बघणारी बाईच आहे आणि तिला पाऊल बघून घ्यायचंय, विसर्जनाला तेच डीजेवर वाजणार आहे. व्हिडिओ म्हणजे तिच्यासाठी शिकवणी. म्हणजे तोच कॅमेरावाला, तेच गाव, कधीकधी नाचणारी पोरगीपण तीच, पण हळदीच्या गाण्यात तिचे तुकडे होतात आणि कानबाईच्या गाण्यात ती अख्खी दिसते. मला विचारशील तर पंधरा पानं याच्यावरच लिही. एक हळदीचं आणि एक कानबाईचं, शेजारी शेजारी ठेवून.

गिरणाकाठ:

मालेगावचं नाव कोणीच काढलं नाही? कॉपीचा प्रश्न विचारलाय म्हणून सांगतो. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा, त्यानं दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग केलं आणि २००० साली मालेगाव के शोले काढला. पुढं याच मंडळींवरच्या माहितीपटात दिसतं, क्रेन पाहिजे तर बैलगाडी, ट्रॉली पाहिजे तर सायकल. ती गाणी नव्हेत, सिनेमे आहेत, आणि उर्दू-हिंदीत, पण खान्देशी व्हिडिओचा स्वभाव तिथं सापडतो. मोठ्यांची नक्कल उघड करायची आणि नक्कल करता करता आपलं गाव आत घुसवायचं. अहिराणी गाण्यात हिरो स्वित्झर्लंडमध्ये असल्यासारखे हात पसरतो आणि मागं लळिंगचा किल्ला असतो, नाहीतर सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा. हात पसरणं कॉपी आहे, मान्य. मागचं नाही.

भरीतपार्टी:

आणि नंदुरबारकडची टिमली, आदिवासींचं नाचाचं संगीत, विसरू नका राव, आदिवासी बँडवाल्यांचे व्हिडिओ बघा, कीबोर्डवाला सलग पंधरा-वीस मिनिटं वाजवतोय आणि कॅमेरा जागचा हलत नाही, लाखो लोक बघतात. तिथं कटबिट काही नाही. कट_टू_कट भाऊचा धंदा बसायचा.

कट_टू_कट_धुळे:

बसत नाही भो, त्यावर पण टायटल आणि "विशेष सहकार्य" मीच टाकतो 😄

क्रेडिटवरून आठवलं, केळीपट्टा, हे घे प्रोजेक्टमध्ये. एमटीव्हीवर दिग्दर्शकाचं नाव दाखवायला १९९२ साल उजाडलं, म्हणजे चॅनल सुरू होऊन अकरा वर्षं व्हिडिओ कोणी केला ते बघणाऱ्याला कळतच नव्हतं. आपल्याकडं उलटं, डिस्क्रिप्शन उघड, ड्रोनवाला, मेकअपवाला, ज्याचं शेत वापरलं तो, ज्याची बुलेट आणली तो, सगळ्यांची नावं. पैसे मिळोत न मिळोत, नाव असतं. मागच्या लग्नसराईत एका निर्मात्यानं माझे अर्धे पैसे बुडवले पण नाव मात्र मोठ्या अक्षरात टाकलं होतं.

केळीपट्टा_०७:

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ताईंचं पटलं, हळदीचं एक आणि कानबाईचं एक घेतो. आज म्यूट करून हळदीचं बघितलं, पहिल्या कडव्यात पोरीचा पूर्ण चेहरा एकदाही येत नाही, आधी पैंजण, मग कंबर, मग झुमका, आणि चेहरा थेट धृपद परत येतं तेव्हा. हे आवाजासकट बघताना कधी लक्षातच आलं नव्हतं. पण शॉट मोजायचे कसे, सारखं पॉज करून डोकं उठतंय. आणि केबलवाले काका, व्हीसीडीच्या काळातलं काही बघायला मिळेल का, यूट्यूबवर जे आहे ते परत चढवलेलं वाटतं, खाली नवीन लोगो असतात.

जुना_केबलवाला:

माझ्याकडं माळ्यावर एक गोणी आहे सीड्यांची. किती चालतील देव जाणे, पण कव्हरं तरी शाबूत आहेत. कव्हरांचे फोटो पण घे, त्यावर गायकाचा फोटो केवढा आणि कलाकाराचा केवढा ते बघ, माझं वरचं म्हणणं तपासून होईल. भुसावळला आलास की स्टेशनवरून फोन कर, नंबर मेसेजमध्ये टाकतो. सीडी लावायचा प्लेअर मात्र तू आण.

कट_टू_कट_धुळे:

पॉज करू नको. कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ टाक, बऱ्याच ठिकाणी सीन डिटेक्ट असतं, ते कट ओळखून तुकडे करून देतं. डिझॉल्व्हला (एक चित्र दुसऱ्यात विरघळतं तिथं) आणि लाइटच्या फ्लॅशला फसतं, तेवढे हातानं दुरुस्त कर. मग गाण्याचे एकूण सेकंद भागिले शॉट, सरासरी निघाली. पण मुखड्याची वेगळी, कडव्याची वेगळी आणि हुक स्टेपची वेगळी काढ, सगळ्याची मिळून एक काढली तर काहीच कळणार नाही. हळदीचं कोणतं गाणं घेतलंय ते मेसेजमध्ये सांग, मी केलेलं असेल तर प्रोजेक्ट फाइलच दाखवतो, मार्कर सकट. फक्त पुढच्या आठवड्यात ये, हा आठवडा दोन लग्नांत गेला समज.