शब्दचर्चा : अमेरिकेतलं ‘तिकीट’ आणि आपलं ‘तिकीट’

शाईदौत :
एका मासिकासाठी अमेरिकेच्या २०२८ च्या निवडणुकीवरचा लेख मराठीत आणते आहे. दोनदा निवडून आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा अध्यक्षपदी निवडून येता येत नाही, ही तिथल्या घटनेतली बाविसावी दुरुस्ती. म्हणजे ट्रम्प यांच्यानंतर कोण, ही चर्चा आलीच. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी स्वतःच आपले उपाध्यक्ष व्हान्स यांचं नाव वारसदार म्हणून जवळजवळ घेतलं आणि परराष्ट्रमंत्री रुबिओही त्यांच्या जोडीला येऊ शकतील असं सुचवलं. मी वाक्य केलं : ‘रिपब्लिकन पक्षाच्या संभाव्य व्हान्स–रुबिओ तिकिटाबद्दल अटकळींना ऊत आला आहे.’ संपादकांनी समासात शेरा मारून परत पाठवलं : ‘तिकीट व्हान्सना की रुबिओंना? दोघांत रस्सीखेच आहे हे स्पष्ट लिहा.’ लेखात तर दोघं एकत्र लढतील का, याची चर्चा आहे!

‘तिकीट’ काढून टाकू का? आणि त्याच वाक्यातलं ‘अटकळी’ ठीक आहे, की ‘कयास’, ‘आडाखे’ वगैरे बरं?

चिमटा :
एका तिकिटावर दोघं बसले तर आपला कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवेल. संपादकांचं काय चुकलं?

घाटमाथा :
चिमटा यांनी गमतीत खरं तेच सांगितलं. आपल्या राजकारणातलं तिकीट ही द्यायची-घ्यायची वस्तू आहे आणि ती एका माणसाची असते. क्रियापदं बघा : मागणं, मिळणं, नाकारणं, कापणं. वाटप होतं ते तिकिटांचं. कार्यकर्त्यांच्या लेखी तर तिकीट म्हणजे एबी फॉर्म, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद. नाव यादीत आलं तरी फॉर्म हातात पडेपर्यंत कुणी पेढे वाटत नाही, कारण शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या आत तो भलत्याच्याच खिशातून निघतो. यात ‘कापणं’ मोठं मजेशीर आहे. एसटीत तिकीट फाडलं की प्रवास पक्का. पक्षात तिकीट कापलं की माणूस खाली.

अमेरिकेत हा शब्द दुसऱ्याच वाटेनं आला. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिथे सरकारी मतपत्रिका नव्हतीच. प्रत्येक पक्ष आपापली चिठ्ठी छापायचा. त्यावर वरपासून खालपर्यंत त्या पक्षाचे सगळे उमेदवार असायचे. मतदार ती चिठ्ठी घेऊन जायचा आणि पेटीत टाकायचा. त्या चिठ्ठीला म्हणायचे तिकीट. एखादं नाव पसंत नसेल तर ते खोडायचं, नाहीतर त्यावर दुसऱ्या नावाची डिंक लावलेली पट्टी चिकटवायची. पक्षांच्या चिठ्ठ्या रंगावरून, आकारावरून लांबूनही ओळखू यायच्या, त्यामुळे गुप्त मतदान नावालाच. १८८८ साली मॅसॅच्युसेट्सनं सरकारनं छापलेली गुप्त मतपत्रिका स्वीकारली, ती ऑस्ट्रेलियाकडून उचललेली पद्धत. पुढे ती देशभर पसरली. चिठ्ठ्या गेल्या, शब्द राहिला. म्हणजे तिथलं तिकीट मुळात उमेदवारांची यादी आहे. कुणाला मिळालेली उमेदवारी हा अर्थ आपला, भारतातला.

या अर्थाचा शब्द मराठीत आहे आणि तो गावोगाव रोज वापरात आहे : पॅनेल. साखर कारखान्याची निवडणूक आठवा. मतदाराच्या हातात गटागणिक वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका पडतात : ऊस उत्पादक, महिला राखीव, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास. पॅनेलचं चिन्ह मात्र एकच. त्यामुळे प्रचार सोपा : पत्रिका कुठल्याही रंगाची असो, शिक्का विमानावर. निकालानंतर चर्चा कसली होते? ‘पॅनेल टू पॅनेल झालं’ की ‘क्रॉस व्होटिंग झालं’. अमेरिकन लोक ज्याला सरळ तिकीट मारणं आणि तिकीट फोडणं म्हणतात ते हेच, शब्दाला शब्द. आपल्या कारखान्याच्या सभासदाला अमेरिकेतली जुनी पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

मिशिगनकर :
‘पॅनेल’ आवडलं. इथे मिशिगनमध्ये मतपत्रिकेच्या सुरुवातीलाच सरळ पक्षनिहाय मतदानाचा रकाना असतो. तिथे पक्षासमोरचं एक वर्तुळ काळं केलं की अध्यक्षापासून खाली त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत. २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी ही सोय परत आणली. त्याखाली एकेका पदाचे रकाने येतात. पण अध्यक्षपदाच्या रकान्यात नावं दोन आणि वर्तुळ एक. ही जोडी फोडता येत नाही. २०२४ मध्ये अध्यक्षपदाला हॅरिस हव्यात पण उपाध्यक्षपदाला वॉल्झ नकोत, असं मत देताच येत नव्हतं. त्यामुळे खालच्या पदांसाठी पॅनेल बरोबर. वरच्या या दोन पदांसाठी मला ‘जोडी’च नेमकं वाटतं.

शिवाय ‘तिकीट कोण देणार’ हा प्रश्नच इथे चुकतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरले होते. भारतातले नातेवाईक फोनवर विचारायचे, ‘पक्ष तिकीट देईल का हो त्यांना?’ पक्ष देत नाही, पक्षाचे मतदार ठरवतात. त्यांनी व्हिटमर यांना निवडलं. ठाणेदार पुढे काँग्रेसमध्ये गेले ते वेगळं.

चिमटा :
काँग्रेसमध्ये गेले म्हणजे पक्षांतर केलं का? (कळलं हो, मारू नका.)

मिशिगनकर :
अमेरिकन संसदेत म्हणा मग.

घाटमाथा :
जोडी मान्य. पण ती अशी घट्ट का झाली हे लेखात एका वाक्यात तरी सांगा, नाहीतर वाचकाला हा हट्ट वाटेल. सुरुवातीला तिथे जोडी नव्हतीच. निर्वाचकाला, म्हणजे राज्याच्या वतीनं अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधीला, दोन मतं. सर्वाधिक मतं मिळवणारा अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. १७९६ मध्ये अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष! १८०० साली याहून कठीण प्रसंग आला. जेफरसन आणि आरन बर एकाच पक्षाचे, दोघांना ७३-७३ मतं. मग प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे जेफरसन निवडले गेले. त्यावर १८०४ ची बारावी दुरुस्ती : दोन्ही पदांना वेगवेगळी मतं. तिथून पक्षाच्या दोन नावांची जोडी पक्की झाली.

त्याच दुरुस्तीत एक खुंटी आहे. निर्वाचकाला दोन्ही मतं स्वतःच्या राज्यातल्या माणसांना देता येत नाहीत. अध्यक्षपदाचे उमेदवार बुश आणि उपाध्यक्षपदाचे चेनी दोघंही टेक्ससचे रहिवासी. म्हणून २००० साली चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश निर्वाचकांची २७१ मतं मिळवून जिंकले, लागत होती २७०, आणि त्यात टेक्ससची ३२. नोंदणी हलवली नसती तर उपाध्यक्षपदाचं काय झालं असतं, हिशेब करा.

मिशिगनकर :
आणि याच कारणानं रुबिओंचं नाव २०२४ मध्ये अवघड झालं होतं. ट्रम्प फ्लोरिडाचे, रुबिओ फ्लोरिडाचे, आणि त्या राज्याची निर्वाचक मतं ३०. व्हान्स ओहायोचे, म्हणून २०२८ च्या जोडीत ही अडचण नाही. डेमोक्रॅटिक बाजूला कुणी न्यूसम–हॅरिस अशी जोडी रंगवत असेल तर त्यांना विचारा, दोघंही कॅलिफोर्नियाचे, कॅलिफोर्नियाच्या ५४ मतांचं काय करणार?

शाईदौत :
हे सोनं आहे, चौकटीत घालते. आता दुसरा माणूस. पहिला अध्यक्षपदाचा उमेदवार, पण दुसऱ्याला ‘सहउमेदवार’ म्हणू का? मूळ इंग्रजी शब्द ‘रनिंग मेट’ शर्यतीतला आहे, मुख्य घोड्याची चाल बांधून द्यायला त्याच तबेल्यातला जो दुसरा घोडा पळवतात, तो.

जुन्नरी :
आमच्याकडे या, शब्द तयार आहे. घाटात बैलगाडा सुटला की पुढे घोडी धरतात. बैल घोडीच्या मागे जीव तोडून पळतात, पण बक्षीस बैलाच्या मालकाला. ‘बारीपुढे घोडी धरणारा’ म्हणा. उपाध्यक्षाची सगळी नोकरीच त्यात आली.

घाटमाथा :
वा! पण मासिकात चालणार नाही, आणि अमेरिकेत घोडी मागे धरतात. ‘सहउमेदवार’ मला खटकतो. ‘सह’ लावलं की एकाच पदासाठी दोघं असा वास येतो, सहसंपादक, सहलेखकसारखा. साधं ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ लिहावं. लांब आहे, पण कुणी अडखळत नाही. दुसऱ्यांदा आलं की ‘जोडीदार’.

निवडीसाठी मात्र ‘उमेदवारी मिळाली’ लिहू नका. या माणसाला मतदार निवडत नाहीत, अध्यक्षपदाचा उमेदवार स्वतः निवडतो आणि पक्षाचं अधिवेशन मान म्हणून शिक्का मारतं. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार स्टीव्हन्सन यांनी ही निवड अधिवेशनावर सोपवली, ती इतकी नवलाची गोष्ट ठरली की अजून सांगितली जाते. केफॉवर निवडले गेले, तरुण केनेडी हरले. आणि १९६० मध्ये त्याच केनेडींनी टेक्ससच्या जॉन्सनना घेतलं : उत्तरेला दक्षिण, कॅथलिकाला प्रोटेस्टंट. याला तिथे तिकिटाचा तोल साधणं म्हणतात. आपल्याकडे मंत्रिमंडळ करताना विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि जातींची बेरीज करतात तेच. ‘समतोल साधणे’ पुरे. १९९२ मध्ये क्लिंटन आणि गोर दोघंही दक्षिणेतले, दोघंही चाळिशीतले, तरी जिंकले. तेव्हा हा नियम दगडावरची रेघ नाही.

शाईदौत :
‘अटकळी’ राहिल्या.

घाटमाथा :
मी ‘अटकळ’च ठेवेन. हाताशी पुरावा थोडा, बाकी स्वतःची जुळवाजुळव, हे त्यात बरोबर येतं. ‘कयास’ अरबीतून आलेला. एका गोष्टीवरून दुसरी ताडणं हा त्याचा गाभा, म्हणून तो जरा अधिक गंभीर. ‘आडाखे’ अनुभवी माणसाचे असतात. गावातला जाणता बूथनिहाय आकडे सांगतो ते आडाखे. ‘होरा’ ज्योतिषाकडून आला, ग्रीकांपासून फिरत फिरत. ‘अमुक यांचा होरा’ म्हटलं की त्यांच्या मनातलं चालू अनुमान. ‘भाकीत’ ठाम असतं, ते फसतं तेव्हा नाव घेऊन फसतं. तुमच्या लेखातली माणसं दोन वर्षं आधी नावं जुळवताहेत. ती अटकळच.

चिमटा :
आणि ज्यांची नावं फिरतात तेच फिरवत असले तर? त्याला ‘पुडी सोडणे’ म्हणतात. ‘सूत्रांनी सांगितले’ ही पुडीची दोरी.

घाटमाथा :
इथे तीन शब्द जपून वापरायला हवेत. ‘पुडी सोडणे’ मुद्दाम, काहीतरी साधायला. ‘कंडी पिकवणे’ निव्वळ अफवा, तिला मालक नसतो. ‘खडा टाकून पाहणे’ म्हणजे लोक काय म्हणतात याचा अंदाज घेणं. ट्रम्प यांनी दोघांची नावं एका दमात घेतली, तो मला खडा वाटतो. बाकी वाहिन्यांवर जे चालतं ती कंडी.

जुन्नरी :
आमच्याकडे खडा कुणी टाकत नाही, थेट फ्लेक्स लागतो. ‘भावी आमदार’.

मिशिगनकर :
इथे नेमकं उलटं. उपाध्यक्षपद हवंय असं उघड म्हणणं हलकं समजलं जातं. विचारलं की म्हणायचं, ‘मी माझ्या कामात खूश आहे.’ जुलै २०२४ मध्ये बायडेन यांनी माघार घेतल्यावर शापिरो, केली, वॉल्झ ही नावं दोनेक आठवडे फिरत होती आणि प्रत्येक जण टीव्हीवर फक्त हॅरिस यांचंच कौतुक करत होता. गुडघ्याला बाशिंग, पण धोतराखाली झाकलेलं.

शाईदौत :
शेवटचं. संपादकांनी ‘राष्ट्रपतिपद’ केलंय माझ्या ‘राष्ट्राध्यक्षपद’चं. हिंदीत आपल्या आणि अमेरिकेच्या, दोघांनाही राष्ट्रपतीच म्हणतात, मराठीत काय करायचं?

घाटमाथा :
परत बदला. मराठीत राष्ट्रपती आपले, राष्ट्राध्यक्ष किंवा नुसतं अध्यक्ष अमेरिकेचे, आणि हा भेद उपयोगाचा आहे. आपल्या राष्ट्रपतिपदाला तिकीट नसतंच. मतदान खासदार-आमदारांचं, पक्षचिन्ह नाही, व्हिप लागू नाही, अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. उपराष्ट्रपतीची निवडणूक तर पूर्ण वेगळी. ‘राष्ट्रपतिपदाचं तिकीट’ वाचून वाचकाला दिल्ली आठवणार आणि पुन्हा घोळ. अमेरिकेच्या उपाध्यक्षाला ‘उपराष्ट्राध्यक्ष’ करून जीभ अडकवू नका, ‘उपाध्यक्ष’ रुळलेलं आहे.

शाईदौत :
मग असं केलं : ‘२०२८ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदासाठी व्हान्स आणि उपाध्यक्षपदासाठी रुबिओ अशी जोडी उतरेल, या अटकळींना ऊत आला आहे.’ तिकीट मथळ्यातसुद्धा ठेवलेलं नाही.

चिमटा :
‘अटकळींना ऊत’ नको. ऊत दुधाला आणि चर्चेला येतो. अटकळी बांधतात.

शाईदौत :
‘…जोडी उतरेल, अशी अटकळ बांधली जात आहे.’ पाठवते.

मिशिगनकर :
कोण बांधतंय तेही लिहा. नाहीतर संपादक परत समासात विचारतील.