मदत हवी आहे : रात्री जेवणानंतर साखर आटोक्यात असते, तरी सकाळी उपाशीपोटी जास्त का येते?

नमस्कार. माझे वय ५४ वर्षे असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा संक्रांतीनंतर आठवडाभरातच शाळेतील आरोग्य तपासणीत माझी साखर वाढलेली आढळली. पुढे प्रयोगशाळेत उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २४६ आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ८.१ टक्के असे आकडे आले आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असल्याचे निदान झाले. माझ्या आईलाही मधुमेह होता. तिच्या पायाची जखम आठ महिने भरली नव्हती आणि रोजचे ड्रेसिंग मीच करत असे, त्यामुळे या आजाराकडे मी पहिल्या दिवसापासून गांभीर्याने पाहत आहे.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर सुरू केली, आहार बदलण्यास सांगितले आणि घरी ग्लुकोमीटरवर तपासून नोंदी ठेवण्याचा सल्ला दिला. जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, असे उद्दिष्ट त्यांनी ठरवून दिले आहे. तीन महिन्यांत माझे वजन ७१ किलोवरून साडेसहासष्ट किलो झाले आणि एचबीए१सी ७.२ वर आले.

मी एक वही घातली असून तीत काय खाल्ले, किती खाल्ले, खाण्याआधीचा आकडा आणि दोन तासांनंतरचा आकडा असे चार रकाने आहेत. माझ्या काही समजुती या वहीनेच मोडल्या, म्हणून त्यातील थोड्या नोंदी येथे देते. बशीभर कांदेपोह्यांनंतर २१२ आले. त्याच्या निम्मे पोहे घेऊन सोबत वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ खाल्ली, तेव्हा १७४ आले. नाचणी मधुमेहाला चांगली असे ऐकून मी रोज सकाळी पातळ आंबील घेऊ लागले होते, पण तिच्यानंतर २०१ आले, आणि त्याच नाचणीची भाकरी मेथीच्या भाजीबरोबर खाल्ल्यावर १६३. महाशिवरात्रीला सासूबाईंच्या शब्दाखातर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर आकडा २३८ वर गेला. आमटीत आणि चहात साखरेऐवजी गूळ घातला की चालते, हेही मी मनापासून मानत होते. गुळाच्या चहानंतर आलेला आकडा साखरेच्या चहाइतकाच निघाला, तेव्हा दोन्ही सोडले. आता ताटात आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, त्यानंतर दीड ज्वारीची भाकरी आणि अगदी शेवटी चार घास भात, या क्रमाने जेवते. तेवढाच भात सुरुवातीला खाल्ल्यावर जो आकडा येत असे, त्यापेक्षा या क्रमाने वीस-पंचवीसने कमी येतो.

आता माझी खरी अडचण सांगते. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. त्यानंतर मी पाण्याशिवाय काहीही घेत नाही. तरीही सकाळी सव्वासातला, चहा घेण्यापूर्वी तपासले की १५० ते १५८ येते. काही न खाता साखर वाढते कशी, हे मला उमगत नाही. मी चार दिवस रात्रीची भाकरी बंद करून फक्त भाजी आणि मुगाचे कढण घेतले, तर चौथ्या सकाळी उलट १६१ आले. ग्लुकोमीटर चुकत असेल म्हणून प्रयोगशाळेतही रक्त दिले. तेथे १४१ आणि त्याच वेळी माझ्या यंत्रावर १५२ आले, म्हणजे फरक आठ टक्क्यांच्या आत आहे.

माझी दिनचर्या अशी : पहाटे पाचला उठणे, स्वयंपाक आणि डबे, सव्वासातला साखर तपासून चहा-नाश्ता, आठला शाळा. आमचे दुकान असल्याने यजमान उशिरा घरी येतात आणि रात्रीचे जेवण पावणेदहाला होते. मी रात्रीचे जेवण आणखी कमी करावे का? ज्यांना हा अनुभव आला आहे, त्यांनी काय केले ते कृपया सविस्तर लिहावे. गोळ्यांत बदल मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी ६१ वर्षांचा असून गेली चौदा वर्षे मधुमेही आहे. तुम्ही वर्णन केलेला प्रकार मला पहिली दोन वर्षे फार छळत होता. आपण रात्रभर उपाशी असलो तरी शरीराला साखर लागतेच आणि ती यकृत पुरवत असते. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक वाढते आणि यकृत अधिक साखर सोडू लागते. निरोगी माणसाचे इन्शुलिन तेवढ्यापुरते वाढून तिला आवर घालते, पण आपल्या बाबतीत ते अपुरे पडते. म्हणून जेवण कमी करून हा आकडा उतरत नाही. रात्री फार कमी जेवलात तर झोपही नीट लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेनेही सकाळची साखर वाढते.

अंदाज बांधण्यापेक्षा दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर अशी तीनदा साखर तपासा. तीनचा आकडा ठीक असून पुढे चढत असेल, तर हा पहाटेचाच परिणाम समजावा. तीनला आकडा ७० च्या खाली गेलेला दिसला, तर मात्र लगेच डॉक्टरांशी बोलावे. केवळ मेटफॉर्मिनवर असे सहसा होत नाही, पण मी ग्लिमेपिराइड ही इन्शुलिन वाढवणारी गोळीही घेतो आणि मला एकदा तीनला ६२ आढळले होते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून घेतली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. दोन वेळाच जेवण्याची जी पद्धत डॉ. जिचकार आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे, ती सुरू करण्याचे तुमच्या मनात असेल, तर तेही आधी डॉक्टरांना सांगा. माझ्यासारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर सांगितल्याशिवाय करूच नये.

प्रतिसाद २

नमस्कार. मी आहारतज्ज्ञ आहे. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे आणि आपल्या मजकुरातील दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. आपण पाचला उठता आणि तपासता सव्वासातला. सव्वादोन तास उपाशीपोटी घाईची कामे केल्यावर येणारा आकडा आणि अंथरुणातून उठताक्षणीचा आकडा यांत बराच फरक असू शकतो, म्हणून दोन्ही वेळा तपासून पाहावे. दुसरे असे, की पावणेदहाला जेवून अकराला झोपल्यास दोन तासांनंतरचा आकडा नेमका कधी घेतला जातो, हे तपासायला हवे. उसळ, शेंगदाणे आणि तेल असलेले जेवण उशिरापर्यंत पचत राहते आणि साखर तिसऱ्या-चौथ्या तासालाही चढू शकते. जमल्यास एक आठवडा आठच्या आत जेवून नंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. भाकरी बंद करू नये.

आपले हिमोग्लोबिन किती आहे, हेही कृपया कळवावे. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकते.

धागाकर्तीचा प्रतिसाद (अकरा दिवसांनंतर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व नोंदी केल्या, त्या येथे देते.

जेवणाची वेळ जुनीच ठेवून तीन रात्री तपासले. झोपताना सरासरी १४१, पहाटे तीनला १२८, पाचला उठताक्षणी १३९ आणि सव्वासातला १५४ आले. म्हणजे जो आकडा मी इतके दिवस रात्रीच्या भाकरीच्या माथी मारत होते, त्यातला मोठा भाग उठल्यानंतरच्या दोन तासांत वाढत होता. झोपतानाचा आकडाही खरे तर जेवणानंतर तासाभराचाच होता, हे प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले. ही चूक वहीच्या रकान्यात वेळ न लिहिल्यामुळे झाली. आता पाचवा रकाना वेळेचा आहे.

त्यानंतर आठ दिवस मी पावणेआठला जेवले. ही गोष्ट घरात सोपी नव्हती, कारण लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली तरी यजमानांच्या आधी मी कधी जेवले नव्हते आणि सासूबाईंना ते रुचेल की नाही, याची मला धास्ती होती. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी आकडे वाचले आणि दुसऱ्या दिवशी सातलाच त्या स्वतः भाकऱ्या थापायला बसल्या. आता आम्ही दोघी एकत्र जेवतो, नंतर अंगणात वीस मिनिटे चालतो आणि यजमान आले की मी त्यांना वाढून त्यांच्याजवळ बसते. भाकरी पुन्हा दीड घेते. या आठ दिवसांत पाचचा आकडा १२२ ते १३१ च्या दरम्यान राहिला. सव्वासातचा आकडा १४० च्या आसपास आहे. सहालाच मूठभर भिजवलेले शेंगदाणे खाल्ले, तर पुढे तो फारसा चढत नाही असे दोन दिवस दिसले, पण दोन दिवसांवरून मी काही ठरवत नाही.

हिमोग्लोबिन १०.२, म्हणजे कमीच आहे. जानेवारीच्या अहवालातही ते तेवढेच होते, परंतु साखरेच्या आकड्यांपुढे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, मीही नाही. ७.२ एचबीए१सी म्हणजे सरासरी साखर साधारण १६० असावी, पण माझ्या वहीतील सर्व नोंदींची सरासरी १४६ येते. वहीत मध्यरात्रीचे आणि दुपारचे आकडे फारसे नाहीत, हे मी जाणते. शनिवारी डॉक्टरांकडे जाताना वही आणि दोन्ही अहवाल सोबत नेणार आहे, आणि लोहाची तपासणी करावी का, तसेच रात्रीची गोळी सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची घ्यावी का, हे दोन प्रश्न त्यांना विचारणार आहे. आणखी काही विचारायला हवे असे कोणाला वाटत असल्यास शुक्रवारपर्यंत अवश्य लिहावे.