ताम्हिणीच्या ओढ्यातला दगडाला चिकटणारा मासा, टँकमध्ये जगेल का?

कोथरूडचा_गप्पीवाला:
रविवारी मुळशीच्या पुढे ताम्हिणीकडे गेलेलो, ओढ्यात पाय सोडून बसलो तर बोटभर लांबीचे तपकिरी मासे येऊन पाय टोचायला लागले, सेम मॉलमधल्या फिश स्पासारखं. तोंड खालच्या बाजूला, आणि धार कितीही असू दे दगडाला चिकटून बसतात. माझ्या दोन फुटी टँकच्या काचेवर शेवाळ जाम येतं, म्हटलं फुकटात सफाई कामगार मिळाले, चार बाटलीत घालून आणले. सकाळी बघतो तर दोन मेलेले, तिसरा फ्रिजच्या मागे वाळून पडलेला. एक उरलाय, तो पण वर येऊन तोंड उघडझाप करतोय. काय चुकलं?

वलगण_प्रेमी:
अरे मळ्या असेल तो. पहिल्या पावसात चढणीला लागतो, लहानपणी आम्ही पंचा आडवा धरून पकडायचो. ओल्या खडकावरनं सरपटत वर चढतो भाऊ, तुझ्या काचेचं काय घेऊन बसलास. कालवण चांगलं होतं पण पोट नीट साफ करावं लागतं, आतडं लांबच्या लांब गुंडाळलेलं आणि सगळं शेवाळाने भरलेलं, राहिलं तर कडू लागतं.

खडकचाट्या:
फोटो नाही म्हणून शंभर टक्के सांगत नाही, पण वर्णन गर्रा मुल्याचं (हे शास्त्रीय नाव) वाटतंय. १८३९ मध्ये कर्नल साईक्सने दख्खनचे मासे लिहिले त्यात हा पण होता, आणि ते मुल्या म्हणजे इथलंच मळ्या, साहेबाने लोकांकडून ऐकलं तसं लिहून टाकलं. खात्री करायची तर ओंजळीत पाण्यातच धरून खालून बघ, तोंडामागे गोल मऊ चकती दिसेल, ती दगडाला टेकवतो आणि छातीचे पर आडवे पसरतो, म्हणून धारेत टिकतो. घाटातल्या ओढ्यांत असाच दिसणारा पॅरासायलोरिंकस पण असतो, त्यातली एक जात अ‍ॅनंडेलने १९१९ मध्ये खंडाळ्याहून नोंदवलीये, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. स्पावाला मासा गर्रा रुफा, तुर्कस्तानकडचा. ह्याचा चुलतभाऊ म्हण.

आता मेले का, तर वाहत्या गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, तुझ्या बाटलीत किती होता? आणि घरी आणून डायरेक्ट कोमट साचलेल्या पाण्यात सोडलेस ना.

टँकवेडी:
+१. एअर पंपच्या चार बुडबुड्यांनी भागणार नाही, पॉवरहेड (टँकच्या आत जोरात धार सोडणारी छोटी मोटर) लाव आणि धार थेट गोट्यांवर सोड. झाकण आजच्या आज. शिवाय हा नुसता हिरवा थर खात नाही, दगडावरचा बुळबुळीत तपकिरी थर असतो ना तो खरवडतो, तो नव्या टँकमध्ये नसतोच. दोनचार गोटे बादलीत पाणी घालून उन्हात ठेव, आठवड्याने थर येईल, मग आलटून पालटून आत टाक. आणि खरं सांगू, काचेच्या शेवाळासाठी लाईटचे तास कमी कर, मासा कशाला पाहिजे त्याला.

कोथरूडचा_गप्पीवाला:
सकर आणू का मग त्यापेक्षा, तो दुकानात मिळणारा काचेवरचं शेवाळ खाणारा मासा?

टँकवेडी:
नको रे बाबा. वाढला की लोक नदीत सोडतात, उजनीतले मच्छीमार विचार काय म्हणतात सकरबद्दल.

वलगण_प्रेमी:
उरलेला परत ओढ्यात सोडून ये ना, पुण्य लागेल.

खडकचाट्या:
नाही! आता तो दुकानातल्या गप्पींच्या पाण्यात राहिलाय, त्यांचा रोग ओढ्यात नेशील. आणलायस तर सांभाळ. पुढच्या वेळी फक्त पाय सोडून बस.

कोथरूडचा_गप्पीवाला:
अपडेट. पॉवरहेड आणला, गोटे टाकले. साहेब धारेच्या बरोब्बर तोंडाशी चिकटून बसलेत, तासाभरात हललेले नाहीत. झाकण अजून मिळालं नाही म्हणून पोळपाट ठेवलाय वर, आई विचारतीये पोळ्या कशावर लाटू.