मदत हवी आहे: लॅटिनमधला झोपाळू, 'सोम्निकुलोसुस'

घरीच लॅटिन शिकतोय, शाळेतलं संस्कृत एवढंच भांडवल. सध्या रोमन लेखक सिसरोचं म्हातारपणावरचं पुस्तक (इ.स.पू. ४४) चाललंय, त्यात थोरला केटो म्हणतो की हे दोष म्हातारपणाचे नाहीत, आळशी, झोपाळू म्हातारपणाचे आहेत. मूळ शब्द 'सोम्निकुलोसाय सेनेक्तुतिस', आणि इथेच गाडी अडलीये.

दोन्ही षष्ठी एकवचन ना, मग एकाला -आय आणि दुसऱ्याला -इस का? सेनेक्तुस दिसायला पुल्लिंगी, विशेषण मात्र स्त्रीलिंगी, हे काय?

आणि सोम्नुस म्हणजे झोप, -ओसुस म्हणजे भरलेला, मग सरळ सोम्नोसुस का नाही, मधे 'इकुल' कुठून घुसलं? सोम्नुस म्हणजे आपलं स्वप्न असेल तर प कुठे गेला? डिक्शनरीत नुसता अर्थ देऊन मोकळे झालेत.

प्रतिसाद १:
सेनेक्तुस स्त्रीलिंगीच आहे, रूपं चालवण्याच्या तिसऱ्या गटातलं नाम, -उस बघून फसू नका. विशेषण लिंग, वचन, विभक्ती नामाची घेतं, प्रत्यय स्वतःच्या गटाचा. संस्कृतात 'सुन्दर्याः मतेः' म्हणताना कुठे शेपट्या जुळतात?

प्रतिसाद २:
प गेला नाही, पुढच्या न मुळे म झाला, जगत् + नाथचं जगन्नाथ होतं तसाच प्रकार. आणि मूळ शब्दाच्या सुरुवातीच्या 'स्वे'चा लॅटिनमधे 'सो' होतो, म्हणून संस्कृत स्वसृ म्हणजे बहीण, ती तिकडे सोरोर. सोपोर म्हणजे गाढ झोप, त्यात प पुढे स्वर आहे म्हणून प शाबूत.

'इकुल'चं म्हणाल तर पेरिकुलुम (धोका) वरून पेरिकुलोसुस रीतसर बनलं, मग त्याच चालीवर मेतुस (भीती) चं मेतिकुलोसुस झालं, सोम्निकुलोसुस त्याच पठडीतला. सोम्नोलेन्तुस (हाही झोपाळूच) मात्र वेगळ्या प्रत्ययाचा, विनोलेन्तुस (दारूत बुडालेला) चा भाऊ.

रोमन कवी मार्शलकडे 'सोम्निकुलोसोस ग्लीरेस' आहे बघा, ग्लीरेस म्हणजे झोपाळू उंदरासारखे प्राणी, रोमन लोक मडक्यात पोसून खायचे!

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही! पण हे ग्लीरेस प्रथमा की द्वितीया? दोन्ही रूपं सारखीच दिसतायत.

प्रतिसाद २:
नामावरून नाही कळणार, विशेषण बघा. -ओस आहे म्हणजे द्वितीया, प्रथमा असती तर सोम्निकुलोसी आलं असतं.